तीस आवर्तनांचं गाणं

गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांचं. त्याच्या व्हिडिओसाठी सहा मुलं-मुली अख्खा पावसाळा राबली, आणि अजून कॅमेऱ्याचं बटणही दाबलं गेलेलं नाही. हे ऐकून कुणी म्हणेल, रिकामटेकडी आहेत. पण या अंकासाठी संपादकांनी ‘तयारी’ हा विषय दिला, तेव्हा मला ही मुलंच हवी होती.

नाशिकमध्ये तयारीला काय तोटा? सिंहस्थाची तयारी आहे, गणपतीच्या ढोलपथकांचे सराव आहेत, द्राक्षबागांच्या छाटणीची लगबग आहे. त्यातली सगळ्यात लहान तयारी एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागात चालली होती. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प साधा होता: एक गाणं निवडा आणि त्याचा व्हिडिओ करा. मेख एवढीच की निम्मे गुण व्हिडिओला आणि निम्मे आराखड्याच्या फाइलला. गाणं का निवडलं, परवानग्या काय लागतील, शॉट डिव्हिजन, वेळापत्रक, खर्च हे सगळं फाइलमध्ये आलं पाहिजे आणि ती मंजूर झाल्याशिवाय चित्रीकरण करायचं नाही.

मोबाइलमध्ये कॅमेरा घेऊनच मोठी झालेली ही पिढी. आधी शूट करायचं आणि मग बघायचं, ही तिची सवय. तिला उलट्या दिशेने चालायला लावणारा हा प्रकल्प होता.

गाणं कुणाचं?

पहिल्या बैठकीत सहा मोबाइलवर सहा गाणी वाजली. सटाण्याकडच्या मुलाला अहिराणी गाणं हवं होतं. त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. ‘हाई झुमकावाली पोर’ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आहे, आणि बागलाण, कळवण, धुळे, जळगाव या पट्ट्यात गाण्यांचे व्हिडिओ हा आता एक जोडधंदाच झाला आहे. शेत, लग्नाचा मांडव, बँडची गाडी आणि नाचायला तयार असलेले मित्र एवढ्या भांडवलावर तिथे गाणी उभी राहतात. म्युझिक व्हिडिओ म्हणजे मुंबईच्या स्टुडिओतलं काम, हा समज त्या मुलांच्या मनात कधी शिरलाच नाही.

सरांनी विचारलं, “गाणं कुणाचं?”

“सगळ्यांचंच की, सर.”

इथून पुढचा तास कॉपीराइटवर गेला. आपण ज्याला एक गाणं म्हणतो त्यात १९५७ च्या कायद्याला तीन वस्तू दिसतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. वर्गात शिकताना एखादी कलाकृती वापरायला कायद्याने मोकळीक आहे. महाविद्यालयाच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे ती सादरही करता येते. पण यूट्यूब म्हणजे पालकसभा नव्हे. तिथे व्हिडिओ चढवला की मूळ ध्वनिमुद्रण यंत्रणाच ओळखते. मग मालक जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवतो किंवा व्हिडिओ बंद पाडतो.

दुसरी पसंती सगळ्यांची एकच निघाली, कुसुमाग्रज. नाशिकच्या मुलांनी दुसरं कोणतं नाव घ्यावं? पण कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०५९ संपेपर्यंत. रीतसर परवानगी मागता येते, पण तिचं उत्तर प्रकल्पाच्या तारखेआधी येईल, असं गृहीत धरून फाइल लिहिता येत नाही. गटातली एक मुलगी बोटांवर हिशेब करून म्हणाली, “तेव्हा मी चोपन्न वर्षांची असेन. करू या तेव्हा.” गदिमांचाही विचार झाला. ते १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ पर्यंत थांबायचं.

मग कुणीतरी कवी गोविंदांचं नाव काढलं. गोविंद त्र्यंबक दरेकर, नाशिकचे. लहानपणापासून पायांनी अधू. आधी लावण्या लिहिणारे आणि सावरकर बंधूंच्या सहवासात आल्यावर स्वातंत्र्याची गाणी लिहिणारे. त्यांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गोविंद १९२६ मध्ये वारले, त्यामुळे कसाही हिशेब केला तरी त्यांचे शब्द केव्हाच मोकळे झाले आहेत. २०२६ हे त्यांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष, हा फाइलमध्ये लिहायला आणखी एक मुद्दा.

निवड झाली ‘सुंदर मी होणार’ची. पु. ल. देशपांडे यांच्या नाटकामुळे हे नाव अनेकांना माहीत असतं, त्यामागचं गीत फारसं नसतं. मरण म्हणजे नवं, ताजं होणं असं मानणारं हे गीत. शब्द मोकळे असले तरी पुढच्या काळात कुणी बांधलेली चाल मोकळी असेलच असं नाही, म्हणून मुलांनी स्वतःची चाल बांधली. गटातली एक जण शास्त्रीय संगीताच्या परीक्षा देते. तिने संवादिनीवर मुखडा बसवला, तिच्या भावाने तबला धरला. खोलीतला घुमारा मारायला भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि कच्चं ध्वनिमुद्रण झालं. हक्कांची कटकट म्हणून सुरू झालेल्या गोष्टीतून त्यांच्या हाती स्वतःचं गाणं आलं.

तीस घरं

मी गेले तेव्हा टेबलावर पाठकोरी पानं एकाला एक चिकटवून केलेली लांब पट्टी पसरली होती. तिच्यावर तीस चौकोन, म्हणजे तीस घरं. हे तीस कुठून आले, ते तबलावाल्याने सांगितलं. केरवा आठ मात्रांचा, गाण्याची लय मिनिटाला ७२ मात्रा, म्हणजे मिनिटाला नऊ आवर्तनं. तीन मिनिटं वीस सेकंदांत बरोबर तीस. एक आवर्तन पावणेसात सेकंदांना किंचित कमी. त्यामुळे पडद्यावर एखादी गोष्ट किती वेळ राहणार, हे आता कुणाच्या हौशीवर अवलंबून नव्हतं.

म्युझिक व्हिडिओ आणि लघुपट यांत इथेच फरक पडतो. लघुपटात प्रसंग लांबवता येतो, संकलनात वेळ कमी-जास्त करता येतो. इथे वेळ आधीच ठरलेला. एखादा माणूस दार उघडून, अंगण ओलांडून, नळापाशी यायला बारा सेकंद घेत असेल, तर ते दोन आवर्तनांचं काम. एकाच घरात ते बसत नाही. मुलांनी हे चालून पाहिलं. एकीने मोबाइलवर गाणं लावलं, दुसरी वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत चालली आणि तिसऱ्याने टाळ्या मोजल्या.

पट्टीचा पहिला खर्डा मात्र फसला होता. शब्दांत जे जे येईल ते ते चौकोनात काढलेलं. सरांचा शेरा लाल शाईत होता: ‘ऐकू येतंय तेच पुन्हा दाखवू नका.’ दुसऱ्या खर्ड्यात गाणारी मुलगी कॅमेऱ्यासमोर फक्त आठ घरांत उरली. बाकीच्या बावीस घरांत काय, हा प्रश्न पुढचे कित्येक आठवडे छळणार होता.

आठ घरांचं तंत्र लगेच ठरलं. चित्रीकरणात ती खरोखर गाणार, नुसते ओठ हलवणार नाही. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणल्या जात नाहीत आणि खोटेपणा तिथेच दिसतो. स्पीकरवर गाणं लावायचं, सुरुवातीला तीन टिकटिक आवाज ठेवायचे म्हणजे संकलनात जुळवायला खूण राहते. एका घरात तिचा चेहरा संथ गतीत हवा आहे. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, तिने तितक्याच झपाट्याने गायचं आणि चित्रण सेकंदाला ५० चौकटींनी करायचं. नंतर ते २५ च्या गतीने चालवलं की हालचाल संथ होते आणि ओठ मूळ गाण्याशी जुळतात. दुप्पट वेगाच्या तालमीत सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली, पण तिसऱ्या खेपेला तिला ते जमलं.

घाट का सोडला

नाशिकमध्ये कुणाच्याही डोक्यात आधी गोदाघाटच येतो. शिवाय गाणं मरणाचं आणि रामकुंड अस्थिविसर्जनाचं ठिकाण, म्हणजे बावीस घरांचा प्रश्न सुटल्यासारखाच. सगळे सकाळी रेकीला गेले. मीही गेले.

रेकी म्हणजे जागा बघणं नव्हे, जागेचा दिवस बघणं. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. त्यामुळे सकाळचं ऊन पंचवटीच्या मागून येऊन जुन्या नाशिकच्या बाजूच्या पायऱ्यांवर पडतं आणि पंचवटीच्या काठावरची देवळं संध्याकाळी उजळतात. नारोशंकराचं देऊळ हवं असेल तर दुपारनंतरची वेळ धरायची. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, तो दिवस टाळायचा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावरून सगळं शहर पुराची चर्चा करतं. त्या दिवसांत घाटावर उभं राहायला जागाच नसते. संध्याकाळी ढोलांचा सराव सुरू झाला की प्लेबॅकचं गाणं गाणारीलाच ऐकू जात नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे आज मोकळी दिसणारी जागा महिन्याने तशीच मिळेल, याचा भरवसा नाही.

हे सगळं वहीत उतरत असताना पलीकडे दशक्रिया विधी चालले होते. मुंडण केलेला एक तरुण पिंडासमोर बसला होता. कॅमेरा बघणाऱ्या मुलाने सवयीने मोबाइल वर केला आणि दोन सेकंदांत खाली घेतला. विधी उरकून उठलेल्या एका गुरुजींनी ते पाहिलं. “शूटिंग करायला इथे रोजच कोणी ना कोणी येतं,” ते म्हणाले. “पण ज्याचं करता त्याला आधी विचारा.”

विचारायचं कसं? ‘काका, तुमचे वडील गेलेत, आमचं गाणं मरणावर आहे, तुम्ही मागे दिसलात तर चालेल का?’ परतताना सिटीलिंकच्या बसमध्ये दोघांचा वाद झाला. सार्वजनिक जागा आहे, चेहरे दिसणार नाहीत, असं एकाचं म्हणणं. दुसरीने एवढंच विचारलं, “माझ्या आजीच्या वेळी कुणी केलं असतं तर?” घाट पट्टीवरून खोडला गेला. फाइलमध्ये त्याचं कारण तीन ओळींत लिहिलं आहे आणि मला ती या फाइलमधली सर्वांत चांगली नोंद वाटते.

पांडवलेणीही सुटली. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिथे ट्रायपॉड लावून रीतसर चित्रीकरण करायचं तर परवानगी आणि शुल्क आलं. ड्रोनची हौस सगळ्यात लवकर मिटली. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कोणताच ड्रोन उडवता येत नाही. आणि नाशिकच्या आसपास काय काय आहे ते पाहा: देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण, गांधीनगरला लष्करी हवाई दलाचा तळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना. नकाशा उघडून बसलेल्या मुलाने तो मिटला आणि म्हणाला, “झाडावर चढू.”

फाळक्यांचा वाटाणा

पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ते पाहिलेलं, म्हणजे कारंजी आणि हिरवळ पाहिलेली. फाळक्यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत झाला. त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला, १९१८ मध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनी इथेच उभी राहिली आणि १९४४ मध्ये त्यांचं निधनही इथेच झालं. पण मुलांच्या कामी आला तो ‘हरिश्चंद्र’च्या आधीचा प्रयोग.

१९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर फाळक्यांकडे पैसे नव्हते आणि चित्रपट म्हणजे काय, हे धनकोला शब्दांत सांगण्याची सोय नव्हती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत रोपाची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर वेल डोळ्यांदेखत चढत गेला आणि कर्ज मिळालं. पुढे ‘हरिश्चंद्र’च्या वेळी सरस्वतीबाई माणसांचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडत, ती धूत आणि उन्हात पांढरी चादर धरून उजेड पात्रांच्या तोंडावर वळवत. त्या चादरीचं काम आज जे करतं त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. मुलांकडे तो थर्माकोलचा आहे.

वर्गात ही गोष्ट सांगितली जात असताना दिंडोरी तालुक्यातली मुलगी एकदम म्हणाली, “सर, द्राक्षाचा डोळा फुटताना दाखवला तर?”

कात्री, काडी, पोंगा

ती जे म्हणाली ते नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला थोडं उलगडून सांगायला हवं. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी. ऑक्टोबरमध्ये बाग छाटली की हिरवागार मांडव एका दिवसात उघडा पडतो. पानं गेलेली, काड्या आखूड झालेल्या, तारा दिसताहेत. अनोळखी माणसाला वाटेल, बाग वाळली. मग काडीवर उरलेल्या डोळ्यांना, म्हणजे अंकुर फुटायच्या जागांना, रासायनिक पेस्ट लावतात, आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, कापसतात, मग पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, बाहेर येतो आणि त्याच्यापाठोपाठ घड दिसू लागतो. चारेक महिन्यांनी द्राक्षं.

‘सुंदर मी होणार’साठी याहून नेमकं दृश्य रामकुंडावरही मिळालं नसतं.

त्या मुलीच्या मामांच्या बागेत गेलो तेव्हा छाटणीला अवकाश होता. मामांनी आधी चहा दिला आणि मग एकच अट सांगितली: तारीख विचारायची नाही. पाऊस उघडला की कात्री लागणार. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला तर डावणी रोग येतो आणि मग तुमचं गाणं राहतं बाजूला. मुलांनी भीत भीत गाण्याचा अर्थ सांगितला. मामांनी तो ऐकून घेतला. “छाटली म्हणून वेल मरत नाही,” ते म्हणाले. “न छाटता सोडली तर माल धरत नाही.” ही ओळ कुठल्या घरात घालता येईल यावर मुलं परतीच्या वाटेवर बोलत राहिली. शेवटी ठरलं, कुठेच नाही. गाण्यात बोललेले शब्द नकोत.

बागेत मोबाइल लावून ठेवायची कल्पना मामांनीच मोडली. पोंगा अवस्थेत फवारण्या चालू असतात, ट्रॅक्टरचा ब्लोअर ओळीतून फिरतो, पहाटे दव पडतं. मोबाइल दोन दिवसही टिकणार नाही. त्यापेक्षा छाटून खाली पडलेल्या काड्या घरी न्या, पाण्यात ठेवा. त्या खालच्या काड्यांना पेस्टही लागलेली नसते, म्हणजे हाताळायला धोका नाही. फुटतील, पण वेलीवरच्यासारख्या वेळेवर नाही. तीन आठवडे धरून चाला.

सिडकोतल्या एका घरात जागा ठरली. पुठ्ठ्याचं खोकं, आत एलईडी दिवा, काचेच्या बाटलीत काडी आणि समोर एकाचा जुना मोबाइल, चार्जिंगला लावलेला. खिडकीतलं ऊन नको, कारण ते दर तासाला बदलतं आणि चित्र लुकलुकतं. दर अर्ध्या तासाने एक फोटो, म्हणजे तीन आठवड्यांत १००८. सहांतला एक उचलला की १६८. सेकंदाला २५ चौकटींनी एका आवर्तनाला लागतात १६७. हा हिशेब जुळला त्या दिवशी, म्हणे, फळ्यावरचा तो आकडा कुणी पुसू दिला नाही.

सायकल, हातगाडी, डबा

साधनांची यादी करताना मालेगाव आठवणं साहजिक होतं. याच जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं गाव. तिथे नासिर शेख आणि मित्रांनी ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला आणि त्यांच्या पुढच्या उद्योगावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. अलीकडचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ त्यांच्यावरच बेतलेला आहे. तिथे ट्रॅकिंग शॉटसाठी सायकल होती आणि क्रेनसाठी बैलगाडी. माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून मागावर राबणाऱ्या नटांना वेळ मिळायचा तो शुक्रवारी.

यातून मुलांनी जुगाडापेक्षा वेळापत्रक उचललं. ज्याच्या जिवावर काम उभं आहे त्याची सुट्टी कधी, हा पहिला प्रश्न. त्यांच्या कॉल शीटच्या पहिल्या ओळीत मामांच्या बागेतल्या छाटणीच्या टोळीची वेळ आहे. मजूर सकाळी कामाला लागतात, दुपारी डबा खातात आणि त्यांची मजुरी कामावर असते. एका शॉटसाठी त्यांना थांबवायचं नाही, परत कात्री मारायला लावायचं नाही. ज्यांचे हात दिसणार त्यांना आदल्या दिवशी विचारायचं आणि व्हिडिओ झाला की त्यांच्या मोबाइलवर पाठवायचा. बागेच्या ओळीतून कॅमेरा सरकवायला क्रेटची हातगाडी आहे, चाकांना तेल दिलेली.

खर्चाचं पान वाचण्यासारखं आहे. प्रत्येकी पाचशे, एकूण तीन हजार. सगळ्यात मोठा आकडा बसभाडं आणि जेवण. मेमरी कार्ड एक नवं. मिसळीचा खर्च ‘किरकोळ’मध्ये दडवला होता, तो सरांनी बाहेर काढायला लावला. मामांना काय द्यायचं यावर बराच काथ्याकूट झाला. पैसे दिले तर ते रागावतील, काहीच नाही दिलं तर बरं दिसणार नाही. श्रेयनामावलीत कवीच्या नावाखाली लगेच बागेचं नाव येणार, असं ठरलं. त्यावर दिग्दर्शिका थोडी नाराज होती, कारण तिचं नाव पाचवं गेलं.

फाइल मंजूर झाली, पण एका प्रश्नासह. काडी फुटलीच नाही तर? या प्रकल्पात तेवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात नाही. एकाने सुचवलं, बाजूला दोन-तीन बाटल्या ठेवू, जी फुटेल ती लावू. दुसऱ्याने वेलीवरची फुटलेली काडी शेवटी आणून जोडायचा उपाय काढला. पाहणाऱ्याला काय कळणार होतं? गाणारीने दोन्ही उडवून लावले. ज्या गाण्यात माणूस मरणावर विश्वास टाकतो त्याच्यासाठी आपल्याला एका काडीवर टाकता येत नाही का, असं तिचं म्हणणं. तास संपला तरी वाद चालूच होता.

शेवटी पट्टीवरच्या एकोणतिसाव्या घराखाली दोन नोंदी झाल्या. फुटली तर तिसाव्या घरात गाणारीचा चेहरा. नाही फुटली तर तिसाव्या घरातही तीच काडी, गाणं संपेपर्यंत. त्याखाली दिग्दर्शिकेच्या अक्षरात एक नियम आहे आणि सहा जणांच्या सह्या: ‘बाटली एकच. काडी बदलायची नाही.’